मॉनिटरच्या मागचं बटण

साताऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. प्रूफं पसरायला टेबल पुरेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी संगणकांचे मोठे कॅबिनेट काढून छोट्या डब्यासारखे मिनी पीसी घेतले आणि सोबत आलेल्या पट्टीने मॉनिटरच्या पाठीला टांगले. टेबल मोकळं झालं. पण चालू-बंदचं बटण गेलं मॉनिटरमागे, आणि त्याच्या बोटभर अंतरावर यूएसबी पोर्ट.

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एक गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर फोटो घेऊन आलं. बसल्या जागेवरून मी हात मागे घातला. पोर्ट दिसत नाही, चाचपूनच शोधावं लागतं. पेनड्राइव्ह उलटा लागत होता. तो फिरवून आत रेटताना आधाराला अंगठा डब्याच्या कडेवर टेकला, तो नेमका बटणावर. स्क्रीन काळी. बटण साधारण चार सेकंद दाबलेलं राहिलं की विंडोजला न विचारता मशीन बंद पडतं. पतसंस्थेच्या सोळा पानी अहवालाची अर्ध्या तासाची जुळणी गेली.

बटण दाबलं तरी काही करू नको, असं विंडोजला सांगून ठेवता येतं. ते त्याच दिवशी केलं. पण दाबून धरलं तर त्याचा उपयोग नाही. ती सोय हार्डवेअरमध्येच असते.

जुन्या कॅबिनेटचं बटण समोर असायचं, अंगठ्याएवढं. शेजारचं रिसेट मुद्दाम बारीक आणि आत दबलेलं, पेनाच्या टोकानेच दाबावं लागे. ते करणाऱ्याने माणसाच्या बोटांचा विचार केला होता. छोट्या डब्यात जागा कमी, हे मला मान्य आहे. पण टांगायची पट्टी तुम्हीच देता, म्हणजे डबा कुठे जाणार हे तुम्हाला ठाऊक आहे. मग बटण पोर्टांच्याच रांगेत का? पलीकडची अख्खी कड रिकामी होती!

ॲपलने २०२४च्या मॅक मिनीत तर बटण तळाला, मागच्या कोपऱ्यात नेलं. डबा जेमतेम पाच इंच लांब-रुंद. हल्ली मशीन रोज बंद कोण करतं, असं त्यावर म्हटलं जातं. आम्ही करतो. मेन स्विच पाडल्याशिवाय आमच्या दुकानाचं शटर खाली येत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायची सेटिंग सापडली, त्यामुळे आता सकाळी मेन स्विच वर केला की तिन्ही मशीन उठतात. पेनड्राइव्हसाठी एक्स्टेन्शन केबल टेबलाच्या कडेला चिकटवली आहे. आणि प्रत्येक बटणाभोवती अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची कापलेली चकती लावली आहे, करंगळीच्या नखाएवढ्या उंचीची. आता मुद्दाम बोट आत घातल्याशिवाय बटण दाबलं जात नाही.