आम्ही घरी पोहोचलो, बॅग पाचव्या दिवशी

मे २०२३ च्या अखेरीस इटलीतले अकरा दिवस संपवून आम्ही दोघे मिलानच्या माल्पेन्सा विमानतळावरून निघालो, वाटेत विमान बदलले आणि रात्री दीडच्या सुमारास मुंबईला उतरलो. आमच्या दोन बॅगांपैकी यांची बॅग लवकर आली. माझी निळी बॅग मात्र बेल्ट रिकामा होऊन थांबला तरी आली नाही. विमान बदलायला मधे जेमतेम सव्वा तास होता. तेवढ्या वेळात आम्ही धावतपळत पुढच्या विमानापर्यंत पोहोचलो, पण सामानाला ते जमले नसावे, असे तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितले.

दमलेल्या माणसाला अशा वेळी एकच इच्छा होते, ती म्हणजे घर गाठावे आणि उद्या फोन करावा. आम्हीही पुण्याच्या गाडीकडे निघणारच होतो. परंतु शेजारी उभ्या असलेल्या एका प्रवाशाने थांबवून सांगितले, की तक्रार आतच नोंदवा, कारण एकदा बाहेर पडलात की पुन्हा या दालनात येता येत नाही. त्या अनोळखी गृहस्थांचे आभार मानायचे राहून गेले, याची रुखरुख मला अजूनही आहे.

काउंटरवर बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता पुढे आला. आपली बॅग कडक कवचाची की कापडी, चाके किती, रंग कोणता, हे त्यातून दाखवायचे असते. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली सामानाची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती इथे कामी आली. तिच्यावरचा दहा आकडी क्रमांक हीच बॅगेची खरी ओळख असते. त्यानंतर आत काय काय आहे, असा प्रश्न आला आणि मी अडखळले. स्वतःच्या हाताने भरलेल्या बॅगेतल्या वस्तू मला सलग आठवेनात. कपडे, औषधे, एक कॉफीचे भांडे, एवढेच सांगता आले. आता मी बॅग बंद करण्यापूर्वी उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवते.

तक्रारीचा जो कागद मिळाला, त्यावरच्या क्रमांकाची सुरुवात बीओएम या मुंबईच्या अक्षरांनी होते, पुढे विमान कंपनीची दोन अक्षरे आणि मग पाच आकडे येतात. हा क्रमांक वर्ल्डट्रेसर नावाच्या यंत्रणेत टाकला की शोध कुठवर आला ते कळते. आणखी एक काम त्याच वेळी उरकावे लागते, ते म्हणजे सामान आले नसल्याच्या दाखल्यावर कस्टम्सची सही घेणे. परदेशातून कर न भरता वस्तू आणण्याच्या सवलतीचा जो भाग आपण वापरला नाही, त्याची नोंद त्यावर होते आणि मागाहून येणाऱ्या बॅगेला ती लागू पडते. आम्हाला हे काउंटरवरच्या मुलीने आपणहून सांगितले, म्हणून कळले.

घरी आल्यावरचे तीन दिवस विचित्र गेले. इटली आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो; आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा शरीराच्या हिशेबाने साडेदहाच झालेले असतात. त्यामुळे झोप येत नसे आणि मी अंधारात मोबाईलवर तो क्रमांक पुन्हापुन्हा टाकत बसे. भेटायला येणारे रोम आणि व्हेनिसबद्दल विचारत, मी मात्र बॅगेबद्दलच बोलत राही. रक्तदाबाच्या गोळ्याही तिच्यातच होत्या. त्या पुन्हा विकत घ्याव्या लागल्या. बिल मात्र जपून ठेवले.

कायदा या काळात वाचून काढला. विमान प्रवासातल्या नुकसानभरपाईबद्दलचा १९९९ चा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला आहे. त्यानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते. बॅग एकवीस दिवस आलीच नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही, हे प्रत्येक प्रवाशाने निघण्यापूर्वीच जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

चौथ्या दिवशी फोन आला. कस्टम्समधून बॅग सोडवण्यासाठी पासपोर्टच्या प्रती, सहीचे अधिकारपत्र आणि कुलपाचा आकडा कळवायला सांगितले गेले. तो आकडा परक्या माणसाला सांगताना जरा जड गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक तरुण ती बॅग दोन जिने चढवून दारात घेऊन आला. तिच्यावर ‘रश’, म्हणजे तातडीचे, असे लिहिलेली नवी चिठ्ठी होती आणि एक चाक गायब होते. त्याच्यासमोरच फोटो काढले आणि त्याच रात्री चाकासाठी व गोळ्यांच्या बिलासाठी कंपनीला पत्र पाठवले. दुरुस्तीचा खर्च महिन्याभराने मिळाला, गोळ्यांचा मिळाला नाही.

बॅग उघडताच कोंडलेल्या कपड्यांचा वास आला आणि त्यातूनच दाण्याच्या चटणीचाही, कारण सासूबाईंनी जाताना दिलेला स्टीलचा डबा तळाशी तसाच होता. मोज्यांत गुंडाळलेले अष्टकोनी मोका भांडे शाबूत होते. सासूबाईंनी ते हातात घेऊन वर-खाली पाहिले आणि कॉफी करून दाखव म्हणाल्या. आपल्या शेगडीच्या स्टँडवर ते एवढेसे भांडे उभे राहीना, आत कलंडू लागले. तेव्हा त्यांनीच पापड भाजायची जाळी काढून बर्नरवर ठेवली, आणि त्यावर ते नीट बसले.