गार गाडी चालू, गरम गाडी बंद: कुलंट सेन्सरचं प्रकरण

माझी गाडी 2004 ची, पेट्रोल. 15 वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून, फिटनेस करून रिन्यू केलेली, त्यामुळे "आता विकून टाक की" हे ऐकून ऐकून कान किटलेत. तर गेल्या पावसाळ्यानंतर तिचं नवीन नाटक सुरू झालं. सकाळी गार असताना पहिल्या सेलला चालू. पण थोडी चालवून भाजी घ्यायला थांबलो आणि दहा मिनिटांनी आलो की सेल मारत बसा, आणि चालू झालीच तर मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास. ॲव्हरेज पडलेलं, गरम झाल्यावर आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग, मिनिटाला फेरे) 850 वर यायला हवं ते 1200 च्या आसपास लटकलेलं.

सल्ले भरपूर मिळाले. एकजण म्हणाला पेट्रोल पंप, दुसरा म्हणाला इंजेक्टर साफ करा, तिसऱ्याने थेट ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला म्हणून सांगितलं (याची किंमत ऐकून मी चहा न पिताच निघालो). पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला तर काय होतं? तसं केलं की गाडी लगेच उठायची. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पॅडल पूर्ण दाबून सेल मारला की ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर निघून जातं. म्हणजे पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. स्पार्क प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. पंपाचा विषय तिथेच संपला.

इंजिन गरम असूनही ईसीएम जास्त पेट्रोल देतोय म्हणजे त्याला इंजिन गारच वाटतंय, आणि ते त्याला सांगतो कुलंट टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा. आता कुणी म्हणेल डॅशबोर्डवरचा काटा तर बरोबर मध्यावर होता. पण जुन्या बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा असतो, एका वायरचा, आणि ईसीएमचा वेगळा, दोन वायरचा. काट्यावर विश्वास ठेवून इथे काहीच कळत नाही. चेक लाइट पण लागली नव्हती. ब्लूटूथवालं स्वस्तातलं स्कॅनर माझ्या गाडीशी बोलतच नाही, आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून स्कॅनरला सांगायची सोय) सक्तीचं झालं ते बीएस-4 या प्रदूषण नियमांनंतर, 2010 पासून पहिला टप्पा आणि 2013 पासून दुसरा, त्याआधीच्या गाड्यांत ज्याचं त्याचं वेगळं. मग उरला मल्टिमीटर.

इंजिन पूर्ण गार असताना सेन्सर काढला (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका, उकळतं पाणी अंगावर येतं), भोकात बोळा लावला, आणि घरात पातेल्यात पाणी तापवून सेन्सरचं टोक त्यात सोडलं. आईने पातेलं परत घ्यायला नकार दिला, तो वेगळा विषय. हा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. माझ्यावाल्याला गार पाण्यात 2 किलोओहमच्या आसपास, 80 अंशाला 320 ओहम, आणि उकळत्या पाण्यात (पुण्यात ते 98 ला उकळतं) 200 च्या जवळ. मॅन्युअलप्रमाणे एकदम बरोबर. सेन्सर ठणठणीत!

मग कपलर (वायरच्या टोकाचा, सेन्सरला बसणारा जोड) काढून, किल्ली ऑन करून दोन पिनांमध्ये व्होल्टेज पाहिलं, तर तिथेही हवे तसे 5 व्होल्ट. इथे बरेच लोक "वायरिंग ओके" म्हणून मोकळे होतात, पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे कॉन्टॅक्ट सडलेला असला तरी मीटरला 5 व्होल्ट दिसतातच. खरी टेस्ट म्हणजे सेन्सर बसवून, गाडी फिरवून गरम करून, किल्ली बंद करून ईसीएमचा कपलर काढायचा आणि त्या टोकाकडून रेझिस्टन्स मोजायचा. यायला हवे होते अडीचशेच्या आसपास, आले 700.

साडेचारशे ओहम मधल्या मधे! आणि सगळा खेळ या आकड्यात आहे. सकाळी गार असताना सेन्सर स्वतःच अडीच हजारांवर असतो, त्यात साडेचारशे मिळवले तर ईसीएमची चूक दोन-चार अंशांची, कुणाला कळणार पण नाही. गरम असताना मात्र 250 चे 700 होतात आणि 90 अंशाचं इंजिन त्याला 55 चं वाटतं. 55 अंश हा काही अशक्य आकडा नाही, त्यामुळे ईसीएम बिघाडाचा कोड टाकत नाही. वायर पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली असती तर लाइट लागली असती, अर्धवट खराब असली की ही अशी छळते.

कपलरचं रबर सील चिरलेलं होतं, आत एका पिनवर हिरवट पूड, आणि वायर जरा ओढली तर इन्शुलेशनच्या आत तांबं काळं पडलेलं. नाना पेठेतून वायरसकट नवा कपलर आणला, काळं तांबं संपेपर्यंत वायर कापली, सोल्डर करून हीट श्रिंक चढवली. परत मोजलं, 255. प्लग घासून लावले, गाडी गरम केली, आयडल खाली आलं.

नुसतं कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पण चाललं असतं असं एक मित्र म्हणाला. काही दिवस चाललं असतंच, पण काळी पडलेली वायर स्प्रेने गोरी होत नाही. आता शेजारचा थ्रॉटल सेन्सरचा कपलर उघडून बघायचाय, त्याचंही रबर तसंच चिरलेलं दिसतंय.