लॅपटॉप थंड, तरी प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झवर

"आधी लिनक्स काढा, विंडोज टाकून आणा, मग बघू." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकलेलं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

लॅपटॉप तापायचा. थर्मल्ड (तापमान आवाक्यात ठेवणारा लिनक्सचा प्रोग्राम) बसवलं, ते काम सहज झालं. पण काही आठवड्यांनी मशीन रडतखडत चालायला लागलं. तापमान बघावं तर जेमतेम ४५ अंश, आणि वेग ४०० मेगाहर्ट्झ. कितीही काम द्या, त्यावर जायचं नाव नाही.

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कसा ठरवायचा याची सेटिंग) 'परफॉर्मन्स' केला, थर्मल्ड बंद केलं, जुन्या कर्नलने (लिनक्सचा गाभा) बूट केलं. ढिम्म फरक नाही. कर्नल वेग उतरवतं ते ट्रिप पॉइंट, म्हणजे तापमानाच्या ठरलेल्या मर्यादा, बघून: 'पॅसिव्ह' ओलांडला की वेग कमी, 'क्रिटिकल' ओलांडला की मशीन बंद. इथे तापमान कुठल्याच ट्रिप पॉइंटच्या आसपास नव्हतं. मग कर्नल कशाला अडवेल? हे मी काउंटरवर कळकळीने सांगत होतो आणि समोरचे साहेब फॉर्मवर 'ओएस इश्यू' लिहीत होते. पुढच्या खेपेला माणूस वेगळा, उत्तर तेच. चार्जर लावलेलाच, पण त्याकडे कुणी बघितलं नाही.

शेवटी घरी सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) टर्बोस्टॅट हे प्रोसेसरचा वेग दाखवणारं टूल चालवलं. सुरुवातीच्या माहितीत वेग अडवणारी कारणं येतात. त्यात 'प्रॉकहॉट' चालू! प्रोसेसर फार तापल्याचा हा सिग्नल, पण तो दोन्ही दिशांनी चालतो. मदरबोर्डवरचं दुसरं सर्किटही तो देऊन प्रोसेसरला हळू करू शकतं. चार्जर उपसला आणि वेग ३ गिगाहर्ट्झच्या वर गेला. चार्जरची मधली बारीक पिन वाकली होती, त्यामुळे तो किती वॅटचा हे लॅपटॉपला ओळखता येत नव्हतं, म्हणून बोर्डच हा सिग्नल देत होता. इतका आनंद झाला की काय सांगू!

तेव्हा वेग अडकला तर सर्वांत आधी चार्जर काढून बघा. प्रोसेसरच्या रजिस्टरमधला (आतल्या सेटिंगच्या जागेतला) बिट पुसून हा सिग्नल बंद करायचा सल्ला मिळेल, तो मी मानला नाही. व्होल्टेज रेग्युलेटर खरोखर तापला तर त्याचीही हाक त्याच वाटेने येते. शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रोंचं (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचं) कर्नल तिथे लिहूच देत नाही.

हो, एक राहिलं: थर्मल झोनच्या (तापमान मोजलं जातं त्या एकेका जागेच्या) फाइलमध्ये ४५००० दिसलं तर घाबरू नका, तो आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो. आणि झोनचा प्रकार आधी वाचा, प्रत्येक झोन प्रोसेसरचा नसतो.

नवा चार्जर मूळच्याच वॅटचा घेतला. लिनक्स काढावं लागलं नाही.