शार्लटची आई कोण?

आज जेवणं आटोपून भावंडं बसलो आणि विषय निघाला 'डार्क' या जर्मन वेब सिरीजचा. चहाची वेळ टळून गेली तरी कोणी हलेना. (पाहिली नसेल तर पुढे वाचू नका!)

जर्मनीतलं विंडन हे काल्पनिक गाव. तिथली माणसं काळात मागेपुढे जातात: 1953, 1986, 2019, दर 33 वर्षांचं चक्र. पेच शार्लटवरून पडला. एलिझाबेथ तिची मुलगी आणि तीच तिची आईसुद्धा! ताईने वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढायला घेतली, तर बाण फिरून पुन्हा पहिल्याच नावावर.

दादा म्हणे, सुरुवातच नाही म्हणजे लेखकांनी काढलेली पळवाट. मला अजिबात पटत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये उत्तर आहे. मुलगा, सून, नात अपघातात गेली म्हणून टानहाउस या घड्याळजीने काळात मागे जायचं यंत्र बांधलं आणि जगच दुभंगलं. तो अपघात टळावा म्हणून त्या दुभंगलेल्या जगांतले नायक-नायिका योनास आणि मार्था स्वतःचं असणंच पुसायला निघतात. तिथे मला दर वेळी रडू येतं.

पण शेवटी, योनास पुसला गेल्यावरही, त्याची आई हाना पोटातल्या बाळासाठी योनास हेच नाव का सुचवते? दादा म्हणतो योगायोग. मी म्हणते, काहीतरी मागे उरलंय. तुम्हाला काय वाटतं?