पीडीएफ का टाकत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

उदगीरच्या आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच: ‘मॅडम, नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकता, मग पीडीएफ का टाकत नाही?’ विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, तसेच निवृत्त गुरुजीही. प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. सानेगुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११पासून सर्वांना खुलं आहे. ते मागाल तेव्हा पाठवते. मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं शासनानेच मोफत ठेवली आहेत. त्यांच्या लिंका तर मी न मागताच पाठवते. पण आज लिहिणाऱ्या माणसाचं पुस्तक स्कॅन करून मी वाटणार नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी. आपल्या मराठवाड्यातले कितीतरी लेखक तर पदरचे पैसे घालून पुस्तक काढतात. त्यांच्या पुस्तकाची फाइल तालुकाभर फिरवायची आणि वर वाचनसंस्कृतीवर बोलायचं, हे मला पटत नाही.

जीर्ण पुस्तकांची गोष्ट वेगळी. ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर ती जपण्यासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला कायदा मुभा देतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाबद्दलच्या जुन्या पुस्तिका हात लावला तरी तुटतात. त्या पान-पान टिपून ठेवते आहे. त्या इथे बसून वाचा.

मग व्हॉट्सॲप कशासाठी? एसटीचा हेलपाटा वाचवण्यासाठी. जळकोटहून, देवणीहून वाचक यायचा आणि नेमकं हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असायचं. दिवस गेला, तिकिटाचे पैसे गेले. आता तो सकाळी विचारतो, मी कपाट बघून पुस्तक बाजूला काढून ठेवते. पुस्तक आपल्या कामाचं आहे का, अशी शंका असेल तर अनुक्रमणिकेचा फोटो पाठवते. अभ्यास करणाऱ्याला तेवढं पुष्कळदा पुरतं.

खरी मेहनत मागे, यादीत आहे. आमची दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या पुस्तकांची नोंद, पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली. ती गूगल शीटमध्ये नेली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठी नीट दिसेल अशा अक्षरांत, बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून प्रत्येक ओळ नोंदवहीशी ताडावीच लागते. शिवाय शोधताना कुणी ‘पुल’ लिहितं, कुणी ‘पु. ल.’, कुणी नुसतं ‘देशपांडे’. यंत्राला हे तिन्ही वेगळे. म्हणून शीटमध्ये एक जादा रकाना ठेवला आहे: वाचक नाव जसं लिहितात तसं. त्या रकान्याइतका उपयोगी मला दुसरा कुठलाच वाटत नाही.

ग्रुप का नाही, असंही विचारता. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि आपल्या गावात बायका-मुलींना ते नको असतं. त्यांचं बरोबर आहे. म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते: निरोप एकदाच लिहायचा, तो प्रत्येकाला वेगवेगळा जातो आणि एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मात्र ज्याने वाचनालयाचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे सभासद अर्ज भरतानाच मी म्हणते, ‘ताई, आधी नंबर सेव्ह करा.’ नुसतं ‘करा’ म्हणून भागत नाही, समोर करून घ्यावं लागतं.

तर पीडीएफ हवी असेल तेव्हा पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव, दोन्ही पाठवा. खुलं असेल तर लिंक देईन, आमच्याकडे असेल तर काढून ठेवीन, आणि नसेल तर पुढच्या खरेदीच्या यादीत लिहून घेईन.