२५०० यार्ड म्हणे!

आज लंचला टायटन्सचा (अमेरिकन फुटबॉलमधली टेनेसीची टीम) एक जुना फॅन सुरू झाला आणि पूर्ण वेळ त्यांचा तेव्हाचा खेळाडू ख्रिस जॉन्सनच! २००९ला या पठ्ठ्याने बॉल बगलेत दाबून, अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांना चुकवत एका सीझनमध्ये २००६ यार्ड काढले, बरं एवढ्यावर गप्प बसावं ना, तर जाहीर बोलून मोकळा, पुढच्या वर्षी २५०० करणार. अरे, एरिक डिकरसन नावाच्या जुन्या खेळाडूचा एका सीझनमधल्या २१०५ यार्डांचा १९८४चा रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आला नाहीये, आणि हा त्याच्याही पुढे जवळपास ४००! झाले किती, तर १३६४. फॅनसाहेब अजून चिडलेलेच. मला मात्र गडी जाम आवडला राव, १३६४ काय कमी आहेत का? आम्ही अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आधीच झालेली कामं गोल म्हणून लिहितो 😄