इंटोनेशन लावताना सॅडलला हात सगळ्यात शेवटी

इंटोनेशन म्हणजे मोकळी तार सुरात असताना मानेवरच्या फ्रेटवर (धातूच्या पट्ट्यांवर) दाबलेले सूरही बरोबर येणं. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर बरोबर, पण ई कॉर्ड धरली की तिसऱ्या तारेचा सूर चढलेला, आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे गेलं की जाड तारा बेसूर. अशा गिटारवर पहिला मोह होतो तो सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या सरकत्या तुकड्यांचे, स्क्रू फिरवायचा. तो टाळून मी आधी तारा बदलल्या. जुन्या तारांना फ्रेटच्या जागी खाचा पडतात, घाम-मळ बसतो, लांबीभर वजन सारखं राहत नाही. मग त्यांचं इंटोनेशन जुळतच नाही. १०-४६ चा सेट (सर्वात बारीक तार ०.०१० इंच, सर्वात जाड ०.०४६ इंच) घातला, पेगवर दोन-तीन वेढे दिले आणि प्रत्येक तार हाताने ओढून पुन्हा लावत राहिलो, ओढूनही सूर उतरेनासा होईपर्यंत.

मग मानेचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी). तार आणि फ्रेटमधली फट जास्त होती. मानेच्या आतला ट्रस रॉड (बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेराच घट्ट करत ती ०.२५ मिमीवर आणली. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहावीला २ मिमी, पहिलीला १.६ मिमी ठेवली.

खरा दोष नटमध्ये, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत होता. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागदाएवढी फट उरायला हवी. इथे तिसऱ्या तारेखाली ती ठळक दिसत होती. इतक्या उंचावरून तार पहिल्या फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. सॅडल मागेपुढे करून त्यात जवळपास काहीच फरक पडत नाही. शिवाय पेग फिरवताना नटपाशी ‘टिक्’ असा आवाज यायचा, म्हणजे तार खाचेत अडकत होती. अशी तार बेंड केल्यावर (वाजवताना बोटाने बाजूला ओढल्यावर) जागेवर परत येत नाही. तारेच्या जाडीची नट-फाइल घेऊन, हेडस्टॉककडे (पेग असतात त्या टोकाकडे) किंचित उतार देत खाच घासली. दोन-चार हात मारायचे, तार बसवून तपासायचं. खाच जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो. शेवटी खाचेत पेन्सिलीचं ग्रॅफाइट भरलं.

आता सॅडल. गिटार आडवी न ठेवता वाजवताना धरतो तशी धरायची. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच हलक्या बोटाने दाबलेला सूर ताडून बघायचा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मानेपासून दूर, उतरलेला असेल तर मानेकडे. दर वेळी आधी तार सैल करायची, नंतर मोकळी तार पुन्हा लावायची. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर तोललेला, हलणारा ब्रिज) असेल तर एक तार हलली की बाकीच्याही हलतात, म्हणून सगळ्या तारांवर दोन-तीन फेऱ्या धराव्या लागतात.

सहाव्या तारेवर ट्यूनरचा काटा तरीही ठरत नव्हता. पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकीय भाग) फार वर होता आणि त्याचं चुंबक तार ओढत होतं. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये सुमारे २.५ मिमी अंतर ठेवलं, तेव्हा काटा स्थिरावला.

दोन सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आतला फरक मी सोडून देतो. ई कॉर्डमधला, तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा ‘जी शार्प’ मात्र सगळं बरोबर लावूनही थोडा चढा वाटतो, कारण तो ‘ई’चा मेजर थर्ड (शुद्ध गंधार), आणि सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या फ्रेटवरचा मेजर थर्ड नैसर्गिक सुरापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो. तो कानाने उतरवू नका. उतरवलात तर तीच मोकळी तार ‘जी’ कॉर्डमध्ये उतरलेली ऐकू येते.